सेवेचा हजेरीपट



मी कामगार संघटनेतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनिंगच्या फाटकावर नि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. अशा माणसाने परदेशी मिशनरी जोडप्यांच्या दिनक्रमावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धर्माचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही, आणि तो मी करणारही नाही. पण दिवसभरात कोण किती राबले, कोणाची हजेरी लागली आणि कोणाची लागलीच नाही, हे पाहण्यात माझी उमर गेली. त्याच नजरेने आज मी मिशनच्या बंगल्याकडे पाहणार आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यात मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे अमेरिकन जोडपे राहत होते. जेनीबाई लग्नाआधीच हिंदुस्थानात आल्या होत्या. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 साली जी अलायन्स चळवळ काढली, तिच्याशी पुढे या दोघांचे काम जोडले गेले. अकोला, खामगाव, अमरावती या आपल्या गावांत अलायन्स मिशनचे नाव जुन्या मंडळींना परिचित आहेच.

अशा बंगल्यातला दिवस कसा जाई? वऱ्हाडाचा उन्हाळा आपणांस सांगायला नको. नऊ वाजले की अंगणात पाय ठेववत नाही. म्हणून त्यांचा दिवस तांबडे फुटण्यापूर्वीच सुरू होई. घरातली सर्व माणसे बसवून मराठीत प्रार्थना, मग न्याहारी. तोवर व्हरांड्यात औषधासाठी लोक येऊन बसलेले. कोणाला हिवताप, कोणाचे डोळे आलेले, कोणाच्या पोराला खरूज. बाई क्विनाइनच्या पुड्या बांधीत, जखमा धूत. नवख्या मिशनऱ्याला पंडितासमोर बसून मराठी गिरवावी लागे आणि परीक्षाही द्यावी लागे. दुपारी हिशेब आणि पत्रे. ही पत्रे हौसेची नव्हती. मायदेशीच्या मंडळ्यांना कामाची खबर पोचली, तरच वर्गणी येणार आणि तरच इथली चूल पेटणार. संध्याकाळी साहेब बाजारात उपदेशाला जात आणि बाई आळीतल्या बायकांना भेटायला. हिवाळा लागला की तंबू बैलगाडीत टाकून खेडोपाडी फिरती सुरू होई.

आता अशा जोडप्याची पन्नाशी उलटली असे धरा. पोरे सात-आठ वर्षांची झाली की शिक्षणासाठी मायदेशी किंवा थंड हवेच्या शाळेत धाडण्याची रीत होती. कोडाईकनालची शाळा अमेरिकन मिशनऱ्यांनी 1901 साली काढली ती याच गरजेपोटी. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे नातवंडे अंगाखांद्यावर खेळतात, त्या वयात त्या घरात दोनच माणसे उरत. टपाल आठवड्याने एकदा, तेही आगबोटीने आलेले. पोराच्या दुखण्याची बातमी कळे, तोवर पोर बरे तरी झालेले असे, नाहीतर गेलेले. तरी कित्येक जोडपी परत गेली नाहीत. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम 1847 साली मुंबईत जन्मले, 1874 साली मिशनरी म्हणून कामाला लागले, आणि 1926 पर्यंत, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत, काम करीत राहिले. त्यांच्या पत्नी केटीबाई या वडाळ्याच्या मिशनरी फेअरबँक यांच्या कन्या. त्या तर माहेराहूनच मिशनच्या घरातल्या. असे टिकून राहणे सोपे नव्हे, ही गोष्ट आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

पण आता हजेरीपट उघडू या. मुंबईत 1813 पासून काम करणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या जुन्या यादीत नवरा मिशनरी म्हणून नोंदलेला आणि बायको 'सहायक मिशनरी' म्हणून. घर, पाहुणे, आजारी, शाळा, शिवणवर्ग, अनाथ पोरे हे सारे त्या 'सहायक' शब्दात जिरून गेले! वऱ्हाडात 1896-97 चा दुष्काळ पडला आणि मागोमाग 1899-1900 चा त्याहून भयंकर. आईबाप मेलेली पोरे मिशनच्या दारात आली. कोणत्याही घरात अशा वेळी रात्री उठून पोराला पाणी कोण पाजते, हे मी आपल्याला विचारायला नको.

जेनीबाईंचेच पाहा. हिंदी स्त्रीवर होणाऱ्या अन्यायांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ते 1900 साली निघाले. त्याला प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची. आणि मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव काय? 'मिसेस मार्कस बी. फुलर'. बायकांवरील अन्यायाचे पुस्तक, आणि त्यावर लिहिणाऱ्या बाईचे स्वतःचे नावच नाही! त्याच साली त्या निवर्तल्या. पुढे हेलन डायर यांनी त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा कुठे 'अकोला व मुंबईच्या मिसेस जेनी फुलर' असे त्यांचे नाव पुस्तकाच्या माथ्यावर आले. लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावणे ही त्या काळची रीतच होती, हे खरे. पण कोणाचे नाव बुडते, ते रीत पाहूनच कळते. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाली ती त्यांच्या स्वतःच्या नावाने, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि या हजेरीपटात आणखीही रिकाम्या ओळी आहेत. पाणी उकळणारा खानसामा, पोरे सांभाळणारी आया, भाषा शिकवणारा पंडित, रात्रभर बैल हाकणारा गाडीवान, आणि तुटपुंज्या पगारावर गावोगाव पायी फिरणारी बायबलबाई. साहेबाच्या त्यागाच्या इमारतीचा पाया यांच्या घामात होता. अहवालात मात्र यांचा उल्लेख बहुधा 'नोकर' आणि 'मदतनीस' एवढाच.

हा प्रकार परक्यांचा किंवा एका धर्माचा आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. घरोघरी मातीच्याच चुली. आज अमेरिकेतील लॅटर-डे सेंट्स पंथाची निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिने, कधी जवळजवळ दोन वर्षे परदेशी सेवेला जातात. हिशेब ठेवतात, तरुण प्रचारकांच्या खोल्या पाहतात, मदतीचे सामान वाटतात. तिथे निदान नेमणूक दोघांच्या नावे होते. आपल्याकडे पाहा. अंगणवाडीची योजना 1975 साली निघाली, आशा कार्यकर्ती 2005 नंतर आली. गावातली पोरे तोलणारी, बाळंतिणीच्या दारी जाणारी ही बाई. तिला आपण सेविका म्हणतो, स्वयंसेविका म्हणतो, आणि पगार मागितला की मानधन दाखवतो. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली सांगावे लागले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे 'सेवा' या गोड शब्दाखाली त्यांचे श्रम झाकले गेले.

कोणी म्हणेल, सेवेचा हिशेब मांडला की तिचे पावित्र्य जाते. मला तसे वाटत नाही. रुईची गाठ तोलली म्हणून कापूस काळा पडत नाही. जो स्वखुशीने आपले श्रम देतो त्याला मी हात जोडतो. पण स्वतःचे श्रम दान करण्याचा अधिकार ज्याचा त्याला. बायकोचे, गड्याचे, सेविकेचे श्रम तिसऱ्यानेच परस्पर दान करून टाकावेत, हे पुण्य नव्हे. ती मजुरीची चोरी आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. एखाद्या संस्थेचा गौरवग्रंथ हाती आला, तर संस्थापकाच्या तसबिरीला जरूर नमस्कार करा. मग त्या घरात पाणी कोणी भरले, हेही विचारा. उत्तर सापडले तर ते नाव लिहून ठेवा. आणि असे पाणी आज भरणारी बाई आपल्या वस्तीत असेल, तर तिला तिचे पैसे वेळेवर मिळतात की नाही, याची उद्याच चौकशी करा.