गाविलगड कीं गवळीगड?

सावंगी नांवाचीं गांवें अनेक, म्हणून वर्ध्याजवळच्या सावंगीपुढें कंसांत ‘मेघे’ लिहावें लागतें. तेथून वायव्येस, मेळघाटच्या डोंगरांत, नेमका उलट प्रकार आढळतो. चिखलदऱ्याजवळचा गड एकच. परंतु नांवें गाविलगड, गाविलगढ, गवळीगड आणि इंग्रजी ग्रंथांतील ‘गविलघुर’. सूचींत भलत्याच अक्षराखालीं शोध करणाऱ्या अभ्यासकाला कागद असून नसल्यासारखाच!

इंग्रजी रूपाचा निकाल लवकर लागतो. १५ डिसेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसल्यांचा हा गड जनरल वेलस्लीनें हल्ला करून घेतला. तोच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याच्या कीर्तीबरोबर त्याच्या लष्करी पत्रांतील वर्णरचनाही जगभर गेली. त्या काळचे इंग्रज आपल्या ‘अ’ करितां बहुधा ‘यू’ हें अक्षर घालीत. ड-ढ त्यांच्या कानांस र-सारखे वाटत. आणि ‘गढ’मधील हकार शेवटून उचलून ते आरंभीं बसवीत. असीरगडाचीही त्यांनीं हीच गत केली. तेव्हां हें ‘घुर’ म्हणजे आपला गडच. तीं अक्षरें पुन्हां जशींच्या तशीं देवनागरींत उतरविणें हा केवळ आळस होय.

‘गवळीगड’ मात्र मोह पाडणारें रूप आहे. गवळ्यांवरून हें नांव पडलें, ही समजूत जुनी. फारसी लिपींत ळ नाहीं. तेव्हां ‘गवळी’चें ‘गावील’ फारसी लेखनिकांनींच केलें, असें कोणासही सुचेल. परंतु शेजारचा नरनाळा पाहावा. ‘आईन-इ-अकबरी’च्या वऱ्हाड सुभ्यांत गावील आणि नरनाळा हीं दोन्ही सरकारें आहेत, आणि ळ-ची अडचण दोहोंसही सारखीच. तरी नरनाळ्याचा ळ मराठी माणसाच्या जिभेवर शाबूत राहिला. एकाचा ळ टिकला आणि दुसऱ्याचा गेला, तर त्याचा सारा दोष लिपीवर कसा टाकावा? शिवाय फारसींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नसले, तरी ‘आ’ अलिफानें दाखवितात; तेव्हां ‘गावील’मधील दीर्घ ‘गा’ दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.

व्युत्पत्ति टीपेंत शोभते, मथळ्यांत नव्हे. तर्क एकदां मथळ्यावर चढला, कीं पुढचा लेखक त्यालाच पुरावा समजतो, आणि गवळी राजांचें एक आख्खें राज्य त्या एका ळ-वर उभें राहतें!

उरला गड-गढांतील भेद. हिंदींत गढ बरोबर, मराठींत गड. ‘वि’ ऱ्हस्व कां, तर ‘गावील’ एकटें असतांना उपान्त्य असलेली वेलांटी ‘गड’ जोडल्यावर उपान्त्य राहत नाहीं.

सूचींत मुख्य नोंद ‘गाविलगड’ हीच असावी. इतर रूपें आपापल्या अक्षराखालीं देऊन तेथून वाचकास तिच्याकडे वळवावें. जुना कागद छापतांना मात्र त्यांतील रूप, कितीही वेडेंवांकडें असलें तरी, तसेंच ठेवावें. तें सुधारण्याचा अधिकार संपादकास नाहीं.