सैल सांध्यांची रात्र

वैशाखात जळगावास किंवा धुळ्यास रात्री झोप लागत नाही, ह्यात नवल असे काही नाही. दिवसा पारा ४४-४५ अंशांवर चढलेला असतो आणि तापलेले धाबे निवावयास मध्यरात्र उजाडते. परंतु वारा सुटून सारे घर घोरू लागले तरी त्याच धाब्यावर एखादी विशीतली मुलगी ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत असते. खांदा ठणकतो म्हणून ती उताणी होते, तो गुडघे दुखू लागतात. हात उशाखाली घ्यावा, तर मनगट मुडपते. मग पहाटे डोळा लागतो, सकाळी उशिरा जाग येते आणि वडील मंडळी तिला आळशी ठरवून मोकळी होतात.

हीच मुलगी लहानपणी अंगठा मागे दुमडून हाताला टेकवून दाखवी, आणि मैत्रिणी थक्क होत. ते कौतुक आणि हे दुखणे ह्यांचे मूळ एकच आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हाडाला हाड बांधून ठेवणारी जी अस्थिबंधने, ती मुख्यतः कोलॅजेन नामक द्रव्याच्या तंतूंची असतात. काही जणांत ही बंधने जन्मतःच सैल असतात. कोपनहेगनचे एहलर्स ह्यांनी १९०१ मध्ये व पॅरिसचे दानलॉस ह्यांनी १९०८ मध्ये अशा रोग्यांचे वर्णन केले; त्या दोघांच्या नावांनी हा विकारसमूह आज ओळखला जातो. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार मानले आहेत. त्यांपैकी सांध्यांच्या अतिलवचीकतेचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, नेमक्या त्याचेच आनुवंशिक कारण अद्याप हाती आलेले नाही. परीक्षा साधी आहे: करंगळी, अंगठा, कोपर व गुडघा दोन्ही बाजूंचे पाहावयाचे, आणि गुडघे न वाकविता तळवे भुईला टेकतात की नाही हे पाहावयाचे, असे एकूण ९ गुण. तथापि केवळ लवचीकपणा म्हणजे रोग नव्हे. मुंबईतील मुलांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक मुले लवचीक आढळली होती. वेदना, वारंवार निखळणारे सांधे, थकवा ह्यांची जोड मिळाली म्हणजे वैद्याकडे जावे. क्ष-किरणाच्या चित्रात बहुधा काही दिसत नाही. म्हणून दुखणे खोटे, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होय.

रात्रच वैरीण का होते? दिवसा बंधने सैल असली तरी स्नायू सांधा सावरून धरतात. झोपेत स्नायू ढिले पडतात, आणि सांधा आपल्या भाराने शेवटच्या टोकापर्यंत जाऊन तेथेच तासन्‌तास ताणला जातो. कुशीवर निजले की वरचा खांदा पुढे घसरतो, वरचा गुडघा खाली लोंबून कंबर पिळली जाते.

आता बिछान्याकडे वळू. झोळ पडलेली बाज अशा माणसास सर्वांत वाईट. पायथ्याची दोरी ओढून ती ताणून घ्यावी. न जमल्यास सरळ खाली निजावे. पण नुसती फरशीही नको, कारण तीवर खांदा व खुबा दबतो. कापसाच्या मुलखात राहून गादीची वाण कशाला? पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेली मध्यम घट्ट गादी आणि तीवर एक गोधडी, एवढे पुष्कळ झाले. कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये घोट्यापर्यंत पोहोचेल अशी लांब उशी ठेवावी आणि दुसरी उराशी धरावी, म्हणजे वरचा हात तीवर विसावतो. उताणे निजावयाचे तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर हवी. मानेखालची उशी फार उंच नसावी. बोटे व मनगट फार वळत असल्यास मऊ आधारपट्टी बांधता येते. ती वैद्याने मापून दिलेली असावी.

सांधा ‘बसविण्या’साठी तो हिसडून ओढणाऱ्या हाडवैद्यापासून दूर राहिलेले बरे. सैल दोरी आणखी ओढून घट्ट होत नाही! लवचीकपणा अंगी आहे म्हणून अवघड आसने करून दाखविण्याचा मोहही आवरावा. खरा लाभ होतो तो स्नायू हळूहळू बळकट करणाऱ्या व्यायामाने. तो फिजिओथेरपीच्या जाणकाराकडून शिकावा, आणि त्याचे फळ आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावे. वेदनाशामक गोळी रोज रात्री आपल्या मनाने घेऊ नये. धुळ्यास आणि २०१८ पासून जळगावासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना लहानपणीचा तो अंगठ्याचा खेळ डॉक्टरांस आवर्जून करून दाखवावा व सांगावा.

घरच्या माणसांनी करावयाचे थोडकेच आहे. पाहुणे आले म्हणजे उशा प्रथम तिच्याच अंथरुणावरून उचलल्या जातात, तेवढे थांबवावे; आणि पहाटेचे पाणी भरण्याचे काम दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावे.