‘पुरे’ : कोणाला?

पंगतींत वाढणारा पुन्हा येतो, पानावर आडवा हात धरला जातो आणि ‘पुरे’ हा शब्द उमटतो. मराठी घरांत रोज ऐकूं येणाऱ्या या शब्दाचा विचार मात्र क्वचितच होतो.

संस्कृतांतील ‘पूर्’ म्हणजे भरणें. या धातूपासून मराठींत एक मोठें कुटुंब निघालें. पात्र भरून वाहतो तो पूर. पोळींत भरतात तें पुरण. भरावयाचें राहिलें तें अपुरें. ‘पुरविणें’ या प्रयोजक क्रियापदाचे अर्थ दोन: हवें तेवढें आणून देणें, आणि आहे तेंच जपून अधिक दिवस चालविणें.

हे दोन अर्थ कळण्यास एक सातारा जिल्हा पुरेसा आहे. महाबळेश्वरास वर्षांत 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथें ‘आतां पुरे’ ही पावसाला थांबण्याची विनवणी असते. पूर्वेकडे पर्जन्यछायेंतील माण तालुक्यांत तोच पाऊस सुमारें 500 मिलिमीटर, आणि तोही लहरी. दहिवडी-म्हसवडच्या बाजूस ‘पुरे’ ऐवजीं ‘पुरेल का?’ असें विचारलें जातें. घागर पुरवावी लागते, कडबा पुरवावा लागतो, पेरणीचें बीं पुरवावें लागतें. 1876 आणि 1972 सालच्या दुष्काळांनीं हा धडा पिढ्यांच्या अंगवळणीं पाडला.

अशा तुटीच्या घरांत ‘पुरे’ ला तिसराच अर्थ येतो. दुरडींत मोजक्याच भाकरी उरलेल्या असतात. शेवटीं जेवावयास बसलेली आई अर्धी घेते आणि म्हणते, ‘मला पुरे.’ ती पोट भरल्याची ग्वाही नसते. मुलांच्या सकाळच्या न्याहारीची ती राखण असते. ऐकणाऱ्यानें तो शब्द खरा मानला, तर तो चुकतो.

हीच चूक कागदावरही होऊं शकते. 2019 सालच्या दुष्काळांत चारा-छावण्यांतील मोठ्या जनावरास दिवसाला 15 किलो हिरवा चारा शासनानें ठरविला होता. पुढें तो 18 किलो करण्यांत आला. जनावर तेंच, भूकही तीच; बदललें तें ‘पुरेशा’ चें माप. देणाऱ्याच्या तोंडीं ‘पुरेसें’ हा अंदाज असतो. घेणाऱ्याच्या ठायीं तो अनुभव असतो.

मराठीच्या व्याकरणानें हा भेद आधींच ओळखला आहे. ‘मी पुरतों’ असें कोणी भुकेविषयीं म्हणत नाहीं; ‘मला पुरतें’ असेंच म्हणावें लागतें. ज्याची गरज, त्याचें नांव या क्रियापदाला चतुर्थींत हवें असतें. म्हणून ‘पुरेसें आहे’ एवढेंच वाक्य कानीं पडलें, कीं तें अपुरें समजावें आणि विचारावें: कोणाला?