गाव कोणी बसवले आणि कागद कोणाचा झाला
(नागपूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सियान मंडळी, बाया-बापे आणि तरुण पोरापोरींनो,

वनहक्काच्या दाव्याची चौकशी सुरू झाली की साहेब लोक पहिला प्रश्न टाकतात, "तुम्ही इथे कधीपासून?" प्रश्न विचारायला हरकत नाही. पण तो एकट्या आपल्यालाच का? आज हाच प्रश्न मी सगळ्यांना लावून पाहणार आहे.

सुरुवात या नागपूरपासूनच करू. हे शहर कोणी बसवले? देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. साल 1702. इथे आधी बारा लहान वाड्या होत्या, त्या जोडून त्याने शहर वसवले. पुढे चांद सुलतानाने भोवती कोट बांधला, जुम्मा तलाव केला. गोंड राजाचा किल्ला महाल भागात आहे, जाताना बघून जा.

आता मुद्द्याची गोष्ट. बख्त बुलंदने आपल्या मुलखात चहूकडून कसणारे आणि कारागीर लोक बोलावले. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याने 1827 च्या अहवालात हे लिहून ठेवले आहे. चांद्याच्या गोंड राजांनीही तेच केले. जंगल तोडून गाव बसवील त्याला त्या गावाचा मान आणि तलाव बांधील त्याला तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, अशी सनद हीर शहाने दिली, असे सांगतात. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. कोहळी लोक आपण बनारसकडून आलो असे सांगतात. त्यांनी झाडीपट्टीत तलाव बांधले, बांध्या पाडल्या, धान आणि ऊस लावला. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार आले, इकडे कुणबी होतेच, आणखी येत गेले.

म्हणजे ते लोक चोरून आले नाहीत. बोलावले म्हणून आले. आणि ज्याने बोलावले तो राजा आपला होता. बोलावणारा असतो तो घरधनी. घर रिकामे असते तर बोलावणार कोण? म्हणून "हा मुलूख म्हणजे नुसते ओसाड रान होते, बाहेरच्यांनी येऊन वसवला" असे कोणी म्हटले तर ते ऐकून घ्यायचे नाही.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. दूर युरोपात, आठशे-नऊशे वर्षांमागे, जर्मन बोलणारे शेतकरी एल्ब नदी ओलांडून पूर्वेकडे गेले. तिकडे स्लाव लोक राहत होते. काही ठिकाणी जर्मन सरदारांनी तलवारीने मुलूख घेतला. पण पुष्कळ ठिकाणी तिथल्याच स्लाव राजांनी त्यांना बोलावले, कारण राजाला महसूल हवा होता. मधे एक ठेकेदार असे, त्याला लोकेटर म्हणत. तो कुटुंबे गोळा करून आणायचा, जमीन मोजून वाटायचा. नव्या लोकांना काही वर्षे सारा माफ. ठेकेदाराला मात्र गावची पाटीलकी, तीही वंशपरंपरा, शिवाय साऱ्यात हिस्सा. ऐकून आपला पाटील आठवतो की नाही? तिथले जुने लोक अजून आहेत. जर्मनीच्या पूर्व भागात सोर्ब नावाचे लोक आपली स्लाव भाषा राखून आहेत. त्यांच्या गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात.

मग आपल्याकडे बिघडले कुठे? लोक आले तिथे नाही. बिघडले कागदावर.

1743 पासून राज्य रघुजी भोसल्यांच्या हाती गेले. गोंड राजा नावापुरता राहिला. भोसल्यांच्या काळात पाटील सारा गोळा करायचा, पण गावचा मालक नव्हता. 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि मग बंदोबस्त आला. इंग्रजांना सारा भरायला एकच जबाबदार माणूस पाहिजे होता. म्हणून सारा गोळा करणाऱ्याला त्यांनी गावचा मालक करून टाकले. तोच मालगुजार. एका सहीने जमीन, तलाव, गावालगतचे झुडपी रान सगळे त्याच्या नावावर. उरलेले मोठे जंगल सरकारचे. कोण सुटले? ज्याचे नाव कागदात नव्हते तो. कोलाम, माडिया, गोंड तर सुटलेच, पण तलाव खणणारा मजूर, मासे मारणारा ढिवर आणि साधा कुणबी कूळही सुटले.

तलावाचेच पाहा ना. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत त्यांना आजही मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. खणले ज्यांनी त्यांचे नाव नाही, राहिले ते मालगुजाराचे.

1951 मध्ये मालगुजारी गेली. मालगुजाराकडे घरची शेती राहिली, जंगल आणि तलाव सरकारकडे गेले. गावाचा जळाऊ लाकडाचा, चराईचा, बांबू-बल्लीचा वापर निस्तार पत्रकात लिहिला गेला. पण मालकी गावाकडे आली नाही.

आणि वनग्रामांचे? तिथे तर जंगल खात्यानेच माणसे बसवली. कूप तोडायला, वणवा विझवायला मजूर हवे होते. जागा दिली, पण ती कामाच्या अटीवर. काम संपले की तोच माणूस अतिक्रमणधारक ठरला. राजाने बोलावलेला मालक झाला आणि खात्याने बसवलेला चोर! फरक फक्त कागदाचा.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. शेजाऱ्यावर राग काढू नका. जर्मनांचे पुढे काय झाले ते ऐका. आमचे बापजादे पूर्वेला गेले होते, म्हणून तो मुलूख आमचा, असे हिटलरच्या लोकांनी म्हटले आणि लाखो माणसे मारली. 1945 नंतर उलटे फिरले. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले जर्मन लाखोंनी हाकलले गेले, त्यात गरीब शेतकरीही होते. कोण आधी आले, कोण नंतर, याचे भांडण लावले की दोघेही मरतात. आपल्या 2006 च्या कायद्यात आदिवासी आहेत आणि इतर पारंपरिक वननिवासीही आहेत. त्यांना 13 डिसेंबर 2005 आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. गावातल्या ढिवराला, कुणब्याला ती दाखवायला मदत करा. ग्रामसभा सगळ्यांची आहे. सामूहिक दाव्यात पूर्ण गाव एक पाहिजे.

दुसरी. यावेळी कागद आपण लिहायचा. नियम 13 वाचून घ्या. गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे चालतात. निस्तार पत्रक चालते. विहीर, बांध, मसणवटी, पेनठाणा या खुणा चालतात. वंशावळ चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले, लिहून घेतलेले बयानही चालते. फक्त एकाच पुराव्यावर थांबू नका, दोन-तीन जोडा. जमीनदारी आणि मालगुजारीच्या काळातला निस्तारही कायद्याने धरला आहे. वनग्राम महसुली गाव करण्याचा हक्कही त्यातच आहे, त्यासाठी वेगळा ठराव घ्या.

गावी गेल्यावर सियान लोकांना बसवा. शिवार फिरा. हा धुरा कोणी घातला, ही बोडी कोणी खणली, या मोहाखाली कोणाचा पेन आहे, हे विचारा आणि त्याच दिवशी लिहा. नाव, जागा, पिढी. खाली अंगठे घ्या, सह्या घ्या, ग्रामसभेच्या वहीत नोंद करा. सियान माणूस गेला की त्याच्यासोबत एक दप्तर जळते. ते जळायच्या आत उतरवून घ्या.

मग पुढच्या वेळी साहेबांनी विचारले, "तुम्ही इथे कधीपासून?" तर गप्प राहू नका, चिडूही नका. वही उघडा अन् वाचून दाखवा.

जोहार. जय सेवा.