क्षयरोगी लवकर बरा कशाने होतो?

क्षयाचे नाव निघाले की जुन्या पिढीला हवापालट आठवतो. पाचगणीची आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीची आरोग्यधामे याच आशेने भरलेली असत. मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने विश्रांती हाच त्या काळी रोग्याचा आधार होता. ज्याला हे परवडत नसे, त्याने काय करावे, हा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर मद्रास शहरात मिळाले. १९५६ साली तेथे गरीब वस्त्यांतील क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे मात्र दोघांना तीच आणि तितकीच, वर्षभर. घरच्या रोग्यांचे अन्न निकृष्ट होते आणि विश्रांतीही कमी होती. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले. तरीही वर्षअखेरीस आरोग्यधामात शेकडा ९२, तर घरी शेकडा ८६ रोग्यांचा रोग शांत झालेला आढळला. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर उपचाराची दिशा पालटली. योग्य औषध नियमाने घेणे हेच बरे होण्याचे मुख्य कारण ठरले.

मग सर्वच रोगी सारख्या वेगाने का बरे होत नाहीत? पहिले कारण, रोग ओळखण्यास लागलेला विलंब. फुप्फुसात मोठी पोकळी पडली असेल आणि थुंकीत जंतू विपुल असतील, तर ती निर्जंतुक होण्यास अधिक काळ लागतो. दुसरे, जंतूंचा चिवटपणा. रिफाम्पिसिनला न जुमानणारे जंतू असल्यास नेहमीचे औषध पुरे पडत नाही. म्हणून आरंभीच थुंकीची तपासणी करून घ्यावी. तिसरे, मधुमेह. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर क्षय हटता हटत नाही. विडी-सिगारेट आणि दारू यांनीही प्रकृती सुधारण्यास अडथळा येतो.

आणि अन्न? मद्रासच्या अनुभवावरून आहार गौण मानणे चुकीचे होईल. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात कृश झालेल्या क्षयरोग्यांना औषधांबरोबर दरमहा धान्य, डाळ, दुधाची भुकटी व तेल यांचा शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा ५ ने वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी आढळला. अन्न हे औषधाची जागा घेत नाही. पण औषधाचा गुण येईपर्यंत देह तगला पाहिजे, आणि तो अन्नावरच तगतो.

खरा घात मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. रोग्याला वाटते, आपण बरे झालो. रोजगार बुडालेला असतो, गोळ्यांनी मळमळते, आणि तिसऱ्या महिन्यात औषध सुटते. देहात दबा धरून बसलेले जंतू पुन्हा उठतात, आणि कधी कधी औषधाला दाद न देणारे होऊन उठतात. नेहमीच्या क्षयाला आज निदान सहा महिने औषध लागते. पूर्वीच्या मानाने हा काळ थोडाच आहे.

म्हणून घरच्या माणसांनी रोग्याचे ताट वेगळे काढण्यापेक्षा त्याच्या ताटात एक वाटी डाळ अधिक वाढावी, आणि जेवण झाल्यावर गोळी घेतली का, एवढे रोज विचारावे. मळमळ, कावीळ वा दृष्टी मंद होणे दिसले, तर औषध आपल्या मनाने न टाकता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. ते अंतर जो चालून जातो, तोच क्षयातून सुटतो.