साकोरीच्या कन्या आणि आपले प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आश्रम म्हटलं की आपल्यातल्या काही जणी नाक मुरडतात आणि बाकीच्या गप्प बसतात. गप्प बसणारीची आई नाहीतर मावशी तिथं जात असते. म्हणून आज एका गुरुपरंपरेबद्दल नीट बोलू या.

शिर्डीजवळ साकोरी आहे. साईबाबांचे शिष्य उपासनी महाराज १९१७ साली तिथं राहायला आले. पुढे त्यांनी कन्याकुमारी स्थान सुरू केलं. मुलींना संस्कृत आणि वेदमंत्र शिकवले, यज्ञाला बसवलं. ज्या धर्मशास्त्रानं बाईला वेदाचा अधिकार नाकारला, त्याच धर्मातल्या या बायका स्वतः आहुती देऊ लागल्या. १९४१ मध्ये महाराज वारले. त्यानंतर गोदावरी माताजींनी आश्रम सांभाळला, तो थेट १९९० पर्यंत. गुरूच्या जागी बाई आणि तिच्या पाया पडणारे पुरुष! हे आपण मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण याच आश्रमात कन्यांचे विवाह खुद्द महाराजांशी लागले. त्यावर तेव्हाही टीका झाली. गोदावरी स्वतः तिथं आल्या त्या लहान वयात. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं, तो हाच काळ. मंत्राचा अधिकार मिळाला खरा, पण तो गुरूनं दिला म्हणून. मुलीला काय हवंय, हे कुणी विचारलं होतं का?

हा प्रश्न जुना झालेला नाही. गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली, दुसऱ्याच एका आश्रमातून. नवऱ्यानं टाकलेली. बारा वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात राबली. “रात्री कुणी मारत नव्हतं, ताई,” हे ती अजून कृतज्ञतेनं सांगते. गुडघे गेले तसं तिला घरी जायला सांगितलं. घर होतं कुठं? आल्या दिवशी दागिने दिले होते, त्याची पावती नाही. तक्रार करू म्हटलं तर तिनं कानाला हात लावले. गुरूविरुद्ध कसं बोलायचं?

मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला आसरा आश्रमानं दिला; माहेरानं दिला नाही, आणि तेव्हा आपणही नव्हतो तिथं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. आपापल्या तालुक्यातल्या आश्रमांत दोघी-दोघींनी जा. श्रद्धेवर वाद नको. राहणाऱ्या बायकांना विचारा: इथं यायचं कुणी ठरवलं? तुमच्या नावावर काय आहे? आजारपणात कोण बघतं? उद्या जावंसं वाटलं तर जाता येईल का? मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्या शाळेचीही चौकशी करा.

आणि बाहेर पडणारीला पहिल्या रात्री कुठं ठेवायचं, ते जाण्याआधी आपल्यात ठरवून ठेवा.