लंडनमधील आमचे एक वर्ष



परदेशी शिकून आलेल्यांनी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. प्रवेश कसा मिळवावा, अर्ज कसा भरावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही चौघे सप्टेंबर २०२३ पासून वर्षभर लंडनला होतो. तिथे राहावे कसे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

खरे सांगायचे तर पहिले तीन महिने आम्ही लंडनमध्ये राहिलोच नाही. ईस्ट हॅममध्ये भारतीय विद्यार्थ्यांनी भरलेल्या एका घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. घर, कॉलेज आणि तूरडाळीचे दुकान एवढेच आमचे जग. जाणे-येणे भुयारी रेल्वेने. एका ठिकाणी जमिनीखाली शिरायचे आणि दुसरीकडे वर यायचे. मधले शहर पाहिलेच कोणी? त्या घरात दुसऱ्याच आठवड्यात एकाने आमचे आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारले. आम्ही समजायचे ते समजलो. पुढे फ्रीजमध्ये आमच्या डब्यांसाठी वेगळा कप्पा ठरला. सात हजार किलोमीटर दूर येऊनही तोच प्रश्न! संताप झाला, तरी आम्ही घर सोडले नाही. बाहेरच्या अनोळखी शहराची भीती त्या अपमानाहून मोठी वाटत होती. हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

डिसेंबरात आम्ही किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. वंदन केले, फोटो काढले आणि पुन्हा भुयारी रेल्वेत बसलो. गाडीत आमच्यातील एकीने विचारले, "बाबासाहेब इथून ग्रंथालयात कोणत्या रस्त्याने जात असतील?" कोणालाच सांगता येईना.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या दारापासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत गेलो. प्रिमरोझ हिलची टेकडी, खाली कालवा, मग रीजंट्स पार्क, यूस्टन रोडची वर्दळ आणि ब्लूम्सबरीतील चौक. तासाभराहून थोडे अधिक लागले. तोवर आमच्यासाठी लंडन म्हणजे रेल्वेच्या नकाशावरील सुटे ठिपके होते. त्या दिवशी ते जोडले गेले. बाबासाहेब ज्या गोल वाचनकक्षात बसत, त्यातील ग्रंथालय १९९७ साली बंद होऊन सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत गेले. तिथे वाचकपत्राला एक पैसाही पडत नाही. आम्ही ते लगेच काढले.

जानेवारीत हॅकनीत खोल्या मिळाल्या. आता आम्ही बसने फिरू लागलो. भाडे २०२४ साली पावणेदोन पौंड होते, आणि तासाभरात कितीही बस बदला. रोख पैसे मात्र चालत नाहीत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की शहर घर-घर दिसते. भाजी रिडली रोडच्या बाजारातून. तिथे आफ्रिकेतले सुरण आणि हिरवी केळी यांच्या शेजारी भेंडी, आणि भाव किलोचा नव्हे तर वाडग्याचा. भाजीवाली बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला 'डार्लिंग' म्हणते. आमच्यातील एकजण बिचारा पहिले दोन आठवडे लाजून मुक्यानेच भाजी घेत असे.

तेही शहर काही स्वर्ग नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर थंडीत माणसे झोपतात. एका रात्री चालत्या मोटारीतून कोणीतरी 'घरी जा' म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो.

वसंतात मोहल्ल्यातील वाचनालयातील बाईंनी सहज विचारले, "मतदार यादीत नाव घातले का?" आम्हाला थट्टा वाटली. पण ते खरे होते. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकाला, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यालाही, संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. हे ईस्ट हॅमच्या घरात आम्हाला कोणी सांगितले नव्हते. कदाचित तिथेही कोणाला माहीत नसावे.

४ जुलै २०२४ रोजी आम्ही चौघे सकाळी सातलाच मतदान केंद्रावर हजर! ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालला. टेबलापलीकडील गृहस्थांनी आमचे आडनाव मोठ्याने आणि अगदी चुकीचे वाचले, यादीत शोधले, रेघ मारली आणि मतपत्रिका हाती दिली. त्या आडनावाला त्यापुढे दुसरा अर्थच नव्हता. आडोशाला शिसपेन्सिल ठेवलेली होती. तिने फुली मारायची, झाले. बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे आईला पाठवायला पुरावा काही मिळाला नाही. तिने अजून विश्वास ठेवलेला नाही.

या सभागृहातील दोघे येत्या सप्टेंबरात निघत आहेत. किंग हेन्रीज रोडपासूनच्या त्या वाटेचा नकाशा आम्ही हाताने काढून आणला आहे. चहाच्या वेळी त्यांनी तो मागून घ्यावा.